सहज आलो होतो

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात. एक, ज्यांचं आमच्याकडे काम आहे ती. आणि दुसरी, ज्यांचं काम शेजारच्या काउंटरवर असूनही जी आमच्याच रांगेत उभी आहेत ती. ज्याचं काहीच काम नाही असा माणूस तेवीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेला नव्हता. म्हणजे तो आला नसेल असं नाही. मी पाहिला नाही, एवढंच.

त्यामुळे कोणीही समोर आलं की माझ्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडतं, "काय काम काढलंत?" हे वाक्य मी घरीही वापरतो. एकदा थोरल्या मेहुण्यांनी दिवाळीच्या पाडव्याला दारात पाऊल ठेवलं आणि मी चष्मा वर करून विचारलं, "काय काम काढलंत?" सौ. त्या गोष्टीचा उल्लेख अजूनही दर पाडव्याला करते. मात्र या वाक्यात मला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. सगळा महाराष्ट्र हेच विचारतो. काम 'काढतात' हा शब्दप्रयोगही बघा. जणू काम हे विहिरीच्या तळाशी बसलेल्या गाळासारखं असतं आणि आलेल्या माणसानं दोर-बादली घेऊन ते आपल्यासमोर उपसायचं असतं!

यावर समोरचा हमखास म्हणतो, "काही नाही, सहज आलो होतो." आणि यावर आपला कोणाचाही विश्वास बसत नाही. आपण चहा टाकायला सांगतो आणि वाट बघतो. चहाचा तिसरा घोट झाला की 'सहज' आलेला माणूस म्हणतो, "बरं, जाता जाता एक विचारायचं होतं..." हे एक कोणाच्या तरी जामीनकीचं असतं, नाही तर भाच्याच्या नोकरीचं. म्हणून मराठीत 'सहज' या शब्दाचा अर्थ, कोशात काहीही दिलेला असो, व्यवहारात 'थोड्या वेळानं सांगतो' असा झालेला आहे.

तर गेल्या जानेवारीत मला गजाननचा फोन आला. गजानन हा माझा कॉलेजातला मित्र. मी त्याचं खरं नाव सांगितलं असं समजू नका. खातेदाराची माहिती गुप्त ठेवणं आम्हांला बंधनकारक आहे. पण शेगावच्या गजानन महाराजांच्या कृपेनं आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दर तिसरा माणूस गजानन असतो, तेव्हा गजानन म्हटलं म्हणजे कोणाचंच नाव घेतलं नाही असं होतं. आम्ही दोघं खामगावला बी.कॉम. झालो. पुढे मी कॉमर्स घेऊन बँकेत बसलो आणि तो कॉमर्स विसरून पिंपळगाव राजाला वडिलांच्या पाच एकरांत कपाशी आणि तूर करू लागला. दोघांपैकी नफा-तोटा पत्रक जास्त चांगलं कोणाला कळतं, हे मी सांगायला नको. मला तोट्याचा अनुभवच नाही.

"अबे, बुधवारी ये," तो म्हणाला.

"काऊन?" मी म्हटलं. गजाननशी बोलताना माझी पुण्याकडून उसनी आणलेली भाषा गळून पडते.

"काऊन म्हंजे? ये सहज. रोडगे करू वावरात."

"मग रविवारी येतो ना. बुधवारी बँक असते."

"रविवारी सारेच येतात बावा," गजानन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी विचारात पडलो. बुधवार, सहज, आणि वर रोडगे! एवढा मोठा बेत, म्हणजे काम किरकोळ नसणार. पीककर्ज असेल. किंवा पोराच्या शिक्षणाचं कर्ज. मनातल्या मनात मी त्याला लागणाऱ्या कागदपत्रांची यादीसुद्धा करून टाकली. सातबारा, आठ-अ, आधार, दोन फोटो.

पण त्याआधी मला रजा लागणार होती. आमच्याकडे वर्षाला बारा किरकोळ रजा मिळतात. या रजेला 'किरकोळ' कोणी म्हटलं त्याला शोधून काढला पाहिजे. कारण ती मिळवण्यासारखं अवजड काम दुसरं नाही. पूर्वी कागदावर अर्ज असायचा. आता तो संगणकावर भरायचा असतो आणि त्यात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर संगणक पुढे जात नाही. लाल होतो. मी त्या रकान्यासमोर पाच मिनिटं बसलो. 'मित्राबरोबर दिवसभर काहीही न करण्यासाठी' असं लिहिलं असतं तर ते सत्य होतं. पण सत्य मंजूर करण्याचे अधिकार आमच्या शाखाधिकाऱ्यांना नाहीत. मी 'घरगुती काम' असं लिहिलं. संगणक लगेच हिरवा झाला.

आता हे खोटं झालं की नाही?

वाचकहो, तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीत कसला आला आहे नीतीचा प्रश्न! पण बँकेतल्या माणसाला रकान्यात चूक भरल्याचं शल्य फार असतं. शिवाय त्यामागचा प्रश्न काही एवढासा नाही. माणसाला कारणाशिवाय एक दिवस घेण्याचा हक्क आहे काय? असेल, तर तो मागताना त्याला कारण का लावावं लागतं?

सुट्ट्यांचा इतिहास काढून पाहिला तर असं दिसतं, की फुकटची सुट्टी कोणालाच मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली, वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. लोखंड्यांचा युक्तिवाद असा सांगतात, की सहा दिवस मजूर स्वतःसाठी आणि घरासाठी राबतो, सातवा दिवस त्याला समाजासाठी हवा; शिवाय रविवार हा खंडोबाचा वार. युक्तिवाद बिनतोड होता. पण बघा, एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा मालकांपुढे 'सातवा दिवस आम्हांला सहज हवा' असं म्हणता आलं नाही. रकाना भरावाच लागला. एकदा समाज, एकदा खंडोबा.

आम्हां बँकवाल्यांची गोष्ट तर आणखी गमतीची. आमच्या सार्वजनिक सुट्ट्या जाहीर होतात त्या १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली. म्हणजे चेक आणि हुंड्या यांच्यासाठी केलेल्या कायद्याखाली. त्या कायद्याला खरी काळजी हुंडीची मुदत कोणत्या दिवशी भरते याची आहे. कारकुनाला विश्रांती मिळते ती ओघानं. आणि इंग्लंडात १८७१ साली बँकांच्या सुट्टीचा कायदा ज्यांनी आणला ते सर जॉन लबक स्वतः बँकेचे मालक होते आणि फावल्या वेळात मुंग्यांचा अभ्यास करीत. १८८२ साली त्यांनी मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यावर चांगला जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या कारकुनांना सुट्टी द्यायची आणि आपण घरी बसून मुंग्या काम करताना बघायच्या, हा माणूस मला फार आवडतो.

ते असो. बुधवारी सकाळी मी खामगावच्या स्टँडवर एस.टी. पकडली.

आमच्या जिल्ह्यात गावांच्या मागे 'राजा' लावायची पद्धत आहे. सिंदखेड राजा, जिथे जिजाऊंचा जन्म झाला, देऊळगाव राजा, आणि तिसरं हे पिंपळगाव राजा. पहिल्या दोघांना तालुक्याचं मुख्य ठाणं होण्याचा मान मिळाला. पिंपळगाव मात्र राजा असूनही आमच्या खामगाव तालुक्यात नांदतं. मला हे गाव त्यामुळेच आपलं वाटतं. बढतीच्या यादीत आपलं नाव का नाही, हा प्रश्न आम्ही दोघांनीही विचारायचं सोडून दिलेलं आहे.

गजानन फाट्यावर उभा होता. मला पाहून त्यानं घड्याळाकडे बघितलं नाही, "उशीर झाला" म्हटलं नाही. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "हे काय आणलं?"

"कचोऱ्या. शेगावच्या."

"मंग चाल."

आम्ही चालत निघालो. गावाजवळून ज्ञानगंगा वाहते. म्हणजे पावसाळ्यात वाहते आणि जानेवारीत ती तिथे असल्याचं आठवतं. पुढे गेरू माटरगावला तिच्यावर धरण आहे आणि त्याचंच पाणी आमच्या खामगावच्या नळाला येतं. लहानपणापासून ज्ञानगंगेचं पाणी पिऊनही आमची प्रगती बी.कॉम.पर्यंतच झाली, हा नदीचा दोष नव्हे.

याच नदीच्या वरच्या अंगाला बुलढाण्याच्या डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तिथे २०१९ साली एक वाघ आला होता, तो आठवत असेल. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघाला आणि तेराशे किलोमीटरपेक्षा जास्त चालून आमच्या जिल्ह्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा सगळा प्रवास नोंदला गेला. त्या वेळी वर्तमानपत्रांत रोज चर्चा होती, वाघानं काय काम काढलं? कोणी म्हणे, नवा इलाखा शोधतो आहे. कोणी म्हणे, जोडीदारीण शोधतो आहे. ज्ञानगंगेत तर एकही वाघीण नव्हती! तरी गडी कित्येक महिने राहिला. तज्ज्ञांचा मान राखून मला वाटतं, एकानं तरी म्हणायला हवं होतं, की आला असेल सहज. गजाननला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "त्याले रजा कोण देली असंन बे?"

वावर आलं. एका अंगाला हरभरा घाट्यांनी भरला होता, दुसऱ्या अंगाला वेचून झालेल्या पराट्या उभ्या होत्या. बांधावरच्या लिंबाखाली वहिनींनी आधीच गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या.

रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. तिच्या पोळ्या एकात एक दुमडून घट्ट गोळे करायचे. मग गोवऱ्या पेटवायच्या. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते; कारण पेटलेल्या गोवऱ्यांवर रोडगे टाकता येत नाहीत. जाळ संपला पाहिजे, धूर संपला पाहिजे, नुसता लाल आहार उरला पाहिजे. तोपर्यंत बसायचं. मग रोडगे त्यावर ठेवायचे, फिरवायचे, पुरायचे आणि पुन्हा बसायचं. घाई केली तर वरून कोळसा आणि आतून कणीक. या पदार्थाला गॅसची शेगडी चालत नाही, कुकर चालत नाही. याचं यंत्र म्हणजे दोन माणसं आणि रिकामा वेळ.

आम्ही बसलो. घाटे सोलून खात होतो. गजाननं विचारलं, "तुले आठवते का, ते अकाउंटन्सीचे सर?" मी म्हटलं, "आठवतात." त्यानंतर पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. सर दोघांनाही आठवत होते, बोलायचं काय?

पण खरं सांगायचं तर मी शांत नव्हतो. मी कामाची वाट बघत होतो. गजाननं घसा खाकरला की मला वाटे, आता सातबारा निघणार. त्यानं खिशात हात घातला. मी मनात व्याजदर जुळवला. त्यानं तंबाखूची पुडी काढली. दुपारी एक वाजेपर्यंत मी त्याला तीन कर्जं मंजूर केली होती आणि दोन नाकारली होती. नाकारताना माझ्या पोटात कसंसंच झालं होतं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो घाटे सोलत होता.

मैत्रीचे प्रकार किती, हा प्रश्न जुना आहे. अॅरिस्टॉटलनं तिचे तीन वर्ग पाडले. उपयोगाची मैत्री, मौजेची मैत्री आणि एकमेकांच्या चांगुलपणापोटी होणारी मैत्री. पहिल्या दोन लवकर संपतात म्हणाला, तिसरी टिकते पण दुर्मिळ. कॉमर्सच्या माणसाला हे चटकन समजतं. चालू खातं, बचत खातं आणि मुदत ठेव. पण अॅरिस्टॉटलला आमच्यासारखं काउंटरवर बसावं लागलं असतं तर त्याच्या ध्यानात आलं असतं, की समोरच्याची पासबुकं सरमिसळ असतात. दुरून पाहून सांगता येत नाही. आपल्याकडचा सुदामाच घ्या. त्याला बायकोनं पाठवलं होतं कामासाठी. तो द्वारकेला गेला आणि काम सांगायचंच विसरला. म्हणजे कामाला आलेला माणूस सहज आल्यासारखा परतला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांना 'सुदाम्याचे पोहे' हे नाव दिलं, आणि हे कोल्हटकर वकिली करीत होते आमच्याच जिल्ह्यात, खामगावला आणि जळगाव जामोदला. त्यांच्या लेखांतले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघं सदा एकत्र. खामगावच्या कोर्टात अशिलांच्या कामाचा रतीब ऐकून कंटाळल्यावरच त्यांना हे तीन रिकामटेकडे मित्र सुचले असावेत, असा माझा तर्क आहे. पुरावा नाही.

आणि मित्राबरोबर दिवस घालवण्याच्या बाबतीत जगातला सर्वांत हास्यास्पद किस्सा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा आहे. कांटसाहेब इतके वक्तशीर, की त्यांच्या फिरण्यावरून लोक घड्याळ लावीत असं म्हणतात. पण त्यांचा जिवलग मित्र, ग्रीन नावाचा इंग्रज व्यापारी, हा त्यांच्याही वर. एकदा दोघांनी सकाळी आठला गाडीतून बाहेरगावी सहलीला जायचं ठरवलं. ग्रीन पावणेआठपासून तयार. आठचा ठोका पडला आणि कांट आले नाहीत. ग्रीननं गाडी हाकली. वाटेत कांट समोरून येताना दिसले, दोन मिनिटं उशीर झालेले. आणि ग्रीन थांबला नाही! कांटच्या एका चरित्रकारानंच हे लिहून ठेवलं आहे. तरीही दोघांची मैत्री ग्रीनच्या मरणापर्यंत, १७८६ सालापर्यंत, टिकली. एवढंच नव्हे, तर कांटनं आपली शिल्लक ग्रीनच्याच पेढीत गुंतवली होती. हे वाचल्यापासून कांटबद्दलची माझी भीती गेली. मित्राकडे खातं उघडणारा माणूस तत्त्वज्ञ असला तरी आपल्यातलाच.

मात्र याच कांटनं १७९७ साली एक निबंध लिहून ठेवला आहे, की खोटं कधीच बोलू नये, अगदी दारात खुनी उभा असला तरी बोलू नये. मी लिंबाखाली बसून 'घरगुती काम' आठवत होतो. कांटच्या हिशेबात मी गुन्हेगार. पण शाखाधिकारी म्हणजे काही खुनी नव्हेत, हाही मुद्दा माझ्या विरुद्धच जात होता.

एवढ्यात वहिनींनी हाक मारली. रोडगे झाले होते. फडक्यानं राख झटकून, फोडून, वर तूप. सोबत वांग्याची रस्सा भाजी. पुढची वीस मिनिटं मी कोणत्याही नीतितत्त्वाचा विचार केला नाही.

तिसऱ्या रोडग्याला मी नको म्हणत असताना वहिनी सहज बोलून गेल्या, "घ्या ना भाऊजी. आता तुमची भेट तरी कुठी होते? पयले बरं होतं. ते आरडी होती तं हे दर महिन्याले तुमच्याकडे येत."

"हो ना," मी म्हटलं. "संपली ती गेल्या वर्षी."

"म्या म्हणत होती यायले, आपल्या गावात ब्यांक हाये, तिथंच भरा नं पैसे. दोनशे रुपयासाठी खामगावले काऊन जाता? तं म्हणत, नाई, तिथी माहा मित्र हाये."

"तू वाढ ना गुमान," गजानन म्हणाला.

हातातला घास हातातच राहिला. ती आवर्ती ठेव मीच उघडली होती, २०१४ साली. मला तो दिवस आठवतो. कॉलेज सुटल्यावर आम्ही लग्नाकार्यात भेटत असू तेवढंच. आणि त्या दिवशी गजानन अचानक काउंटरसमोर उभा. मागे रांग. मी चष्मा वर करून विचारलं, "काय काम काढलंस?"

तो क्षणभर थांबला होता. मला वाटलं, काम आठवतो आहे. मग त्याची नजर माझ्या मागच्या भिंतीवरच्या पाटीवर गेली आणि तो म्हणाला, "ते... आरडी उघडायची होती."

महिना दोनशे रुपये, मुदत दहा वर्षं. एकशेवीस हप्ते. अर्जावर पत्ता त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिला होता, पिंपळगाव राजा, आणि मी तो ओळखपत्राशी ताडून, शिक्का मारून, खाली सहीसुद्धा केली होती. पत्ता बरोबर आहे याची खात्री केली. त्या पत्त्याचा माणूस दोनशे रुपये भरायला इथवर कशाला येईल, असा रकाना त्या अर्जात नव्हता.

मग तो दर महिन्याला यायचा. दोनशे भरायला पन्नासेक रुपये एस.टी.ला. पैसे भरून झाल्यावर तो कॅलेंडरखालच्या बाकावर बसायचा, दोन-दोन तास. मी समजायचो, परतीच्या गाडीला वेळ असेल. कधी माझी जेवणाची सुट्टी झाली की डब्यातली अर्धी पोळी त्याला द्यायचो. कधी गर्दी असली की नुसती मान हलवायचो. तो तेवढ्यावरही हसून निघून जायचा. अशी सत्तर-पंच्याहत्तर महिने.

आणि २०२१ साली, करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, मी मोठ्या मायेनं त्याचा मोबाइल हातात घेतला. आमच्या बँकेचं अॅप त्यात टाकलं, बचत खात्यातून हप्ता आपोआप वळता होईल अशी कायमची सूचना दिली आणि पासबुक त्याच्या हातात ठेवत म्हटलं, "घे! आता तुला इकडे यायची गरजच नाही."

तो म्हणाला होता, "बरं केलं लेका."

त्या तिमाहीत सर्वांत जास्त ग्राहकांना अॅपवर आणल्याबद्दल मला एक पेनस्टँड मिळाला. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

मी रोडगा खाली ठेवला. "गज्या," मी म्हटलं, "मग तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?"

"की तू नुसता भेटायला यायचास."

"तुनं इचारलं, काय काम काढलं," गजानन म्हणाला. "रांगीत मागं दहा लोक उभे. म्या त्याहिच्या समोर म्हणू का, याले पाहाले आलो म्हणून? लोकं काय म्हणतीन?" आणि मग त्याला स्वतःलाच हसू आलं. "नुकसान काय झालं बे त्यात? सदतीस-अडतीस हजार आले ना हाती. पोरीले लॅपटॉप घेतला."

हे खरं होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला. चोवीस हजार मुद्दल, बाकी व्याज. त्याच्या आयुष्यातली ती एकमेव शेतीबाहेरची शिल्लक असेल, आणि ती बचतीसाठी केलेलीच नव्हती. माझ्या घरगुती कामाइतकीच त्याची आरडी खोटी होती. फरक एवढाच, की त्याच्या खोट्याला साडेआठ-नऊ टक्के व्याज मिळालं.

"मग आज बोलावलंस ते?" मला अजूनही विचारल्यावाचून राहवेना. सवय.

"आता आरडी संपली," तो म्हणाला. "म्हटलं, आपल्याले तं आता काम उरलं नाई. तुलेच बोलवून पाहू, येते का."

वहिनींनी माझ्या ताटात न विचारता तिसरा रोडगा टाकला आणि त्यावर तूप ओतलं. मी तो खाल्ला. त्यानंतर आम्ही दोघं लिंबाखाली झोपलो. खरोखर झोपलो. चारला उठलो तेव्हा ऊन पराट्यांवर तिरपं आलं होतं आणि गजानन विहिरीच्या मोटारीकडे बघून महावितरणला काहीतरी म्हणत होता. वीज रात्रीची होती. त्यानं मला विहीर दाखवली, मी ती पाहिली. विहिरीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण आम्ही पुष्कळ वेळ बघत उभे होतो.

संध्याकाळी फाट्यावर एस.टी. यायला उशीर झाला. एरवी मी चारदा घड्याळ पाहिलं असतं. गाडी आली तेव्हा उगाचच लवकर आल्यासारखी वाटली. चढता चढता मी म्हटलं, "ये मग खामगावला, एखाद्या दिवशी."

"काय काम?" गजानन म्हणाला. पिशवीत त्यानं घाटे भरून दिले होते आणि मला उत्तर द्यायच्या आत कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखाधिकारी माझ्या टेबलाशी थांबले. माणूस सज्जन; विचारपूस केल्याशिवाय पुढे जात नाहीत.

"झालं का हो घरचं काम?"

मी पेनस्टँड थोडा बाजूला सरकवला.

"कुठलं साहेब," मी म्हटलं. "अर्धंच झालं. पुन्हा जावं लागेल."

"वाटणीबिटणीचं आहे का?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "असली कामं वेळेवर उरका हं. फार वर्षं रेंगाळतात."

"हो ना," मी म्हटलं, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाकडे वळलो. म्हातारबाबा होते. हातात पासबुक नव्हतं, स्लिप नव्हती. मी चष्मा वर केला, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बसा बाबा," मी म्हटलं.

ते गोंधळले. "बसतो कायले साहेब," ते म्हणाले. "माहं एटीएम कार्ड मशीनीत अटकलं."